डावं चाक

टायरवाल्यानं चारही टायर पाहिले आणि शेवटी पुढच्या डाव्या टायरपाशी उकिडवा बसला. आतल्या कडेवरून अंगठा फिरवला, तिथं रबर गुळगुळीत झालं होतं, जवळजवळ जाळी दिसायला लागेल इतकं. बाहेरच्या कडेची नक्षी मात्र अजून जिवंत होती. "ताई, कँबर आऊट आहे," तो म्हणाला, "मारून देतो. दहा मिनिटांचं काम." कँबर म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा झुकाव. मारून देणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. कोपऱ्यात हायड्रॉलिक जॅक जोडलेली एक जाडजूड लोखंडी पकड पडली होती. ती स्ट्रटला, म्हणजे चाकाला उभं धरणाऱ्या शॉकअबच्या खांबाला, अडकवायची, दांडा हापसायचा, आणि मशीनच्या पडद्यावरचा लाल आकडा हिरवा होईपर्यंत लोखंड वाकवत न्यायचं. एक नट सैल करायचा नाही, चाकसुद्धा काढायचं नाही. मी नको म्हटलं. तो चिडला नाही, त्याला नवल वाटलं. "सगळ्यांच्या गाड्यांना हेच करतो की आम्ही," म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्याच्या दुकानाबाहेर रांग होती आणि प्रत्येकाला हिरवा आकडा हवा होता.

आत काय वाकलंय, हे मात्र त्यानं पाहिलंच नव्हतं.

गाडी आत्याची. मारुती ८००, पांढरी, नव्वदच्या दशकातली. आत्या गगनबावड्याच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती आणि कोल्हापूर ते तिकडचा रस्ता या गाडीनं तिच्या हाताखाली किती वेळा कापला याचा हिशेब कुणाकडे नाही. त्या रस्त्यावरून ज्यांनी गळिताच्या हंगामात गाडी चालवली आहे त्यांना सांगायला नको. समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो, मागं दोन ट्रॉल्या, वाढे दोन्ही बाजूंना लोंबकळतात, आणि तो काही बाजूला होत नाही. होऊही शकत नाही. मग बाजूला व्हायचं ते लहान गाडीनं. डावी दोन चाकं डांबरावरून खाली साइडपट्टीवर उतरवायची, थांबायचं, ट्रॅक्टर गेला की परत वर चढायचं. डांबराची कड तिथं कधी दोन बोटं उंच, कधी वीतभर, आणि पावसाळ्यात साइडपट्टीवरची माती वाहून गेली की खाली नुसते धोंडे. उतरताना दणका, चढताना दणका, आणि दोन्ही वेळा पहिला मान पुढच्या डाव्या चाकाचा. उजवं चाक आयुष्यभर डांबरावर राहिलं. आपल्याकडच्या एकेरी रस्त्यांवर झिजलेल्या कुठल्याही जुन्या गाडीखाली वाकून बघा, डावी बाजू उजवीपेक्षा म्हातारी झालेली दिसेल.

त्यामुळं आकडा हिरवा करून घेण्याआधी मला ते चाक नेमकं किती आणि कशामुळं झुकलंय हे बघायचं होतं. आमच्या वाड्याच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. डोळ्याला सपाट दिसते, पण डोळ्यावर विसंबून चालत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांच्या जागांची पातळी बघितली. जिथं फरशी खाली होती तिथं प्लायचे तुकडे, जुन्या वह्यांचे पुठ्ठे घालून ती सारखी केली. पुढच्या दोन चाकांखाली सनमायकाचे दोन-दोन तुकडे, गुळगुळीत बाजू समोरासमोर आणि मध्ये वंगण. कारण जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच खरी बसत नाही. टायर फरशीला चिकटून राहतात, चाकं आत ओढलेलीच राहतात आणि माप खोटं येतं. मधल्या वंगणावर ती सरकून आपापल्या जागी जातात. चारही टायरांत हवा सारखी, स्टिअरिंग सरळ, आणि चालवणाऱ्याच्या सीटवर तांदळाचं पोतं, कारण ही गाडी कधी रिकामी चालतच नाही.

मग ओळंबा. शेजारी घराचं काम चालू आहे, तिथल्या गवंड्यानं तो हसत दिला आणि वर एक गोष्ट शिकवली. वाऱ्यानं दोरी हलत राहते, म्हणून ओळंब्याचं टोक पाण्याच्या डब्यात बुडलेलं ठेवायचं, पाणी त्याला थोपवतं. बॉनेटवर आडवी काठी बांधून दोरी चाकाच्या मध्यावरून सोडली, टायरपासून थोडी लांब. आता स्टीलच्या पट्टीनं दोनच मापं घ्यायची, दोरीपासून रिमच्या वरच्या कडेपर्यंत आणि दोरीपासून रिमच्या खालच्या कडेपर्यंत. बारा इंची रिम म्हटली तरी कडेपासून कडेपर्यंत ती सुमारे ३३ सेंटीमीटर भरते. इतक्या अंतरात एक अंश झुकाव म्हणजे वरच्या आणि खालच्या मापात जवळजवळ पावणेसहा मिलिमीटरचा फरक. एवढंच गणित आहे. रिम स्वतःच वाकडी असेल तर फसगत होते, म्हणून चाक उचलून अर्धा फेरा फिरवायचं, खाली टेकवून तीच मापं पुन्हा घ्यायची आणि सरासरी काढायची. उजव्या चाकाचा फरक मिलिमीटरच्या आत होता. डाव्याचा साडेआठ मिलिमीटर, वरची कड आत. म्हणजे दीड अंश.

आत्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. "काय बघायलीस त्या दोरीकडं मघापासनं? चाक आहे ते, भिंत नव्हं," म्हणाली. मी तिला पट्टी दाखवली. तिनं चष्मा वर सरकवून दोन्ही मापं स्वतः वाचली. आयुष्यभर थर्मामीटर आणि सिरिंजवरच्या बारीक रेघा वाचलेले ते डोळे, तिला साडेआठ मिलिमीटर सांगावे लागले नाहीत. "बरंच की," एवढंच म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली. मग थोड्या वेळानं आपणहून, "पण गाडी तर सरळ जायची."

हे ऐकून मी अडले, कारण तिचं म्हणणंही खरं होतं. ज्या बाजूचं चाक वरून जास्त आत झुकलेलं, तिच्या उलट बाजूला गाडी ओढते. डावं चाक दीड अंश आत, म्हणजे गाडी उजवीकडं ओढायला हवी होती. पण आपले जुने रस्ते मध्यावर उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. डाव्या बाजूनं चालणारी गाडी त्या उतारामुळं सतत थोडी डावीकडं घसरू बघते. गगनबावड्याच्या रस्त्यानं डावीकडं ढकलायचं, वाकलेल्या चाकानं उजवीकडं ओढायचं, आणि दोघांच्या मध्ये आत्याचं स्टिअरिंग स्थिर. ती गाडी त्या रस्त्यापुरती जुळून गेली होती. गावाबाहेरच्या नव्या सपाट काँक्रीटवर मी चालवायला घेतली तेव्हाच ती उजवीकडं जायला लागली, समोरच्या वाहनांच्या दिशेनं. त्या दिवसापासून मला ती गाडी तशीच सोडवेना.

लहानपणी आजोळी लोखंडी धाव असलेल्या लाकडी चाकांची बैलगाडी होती. धाव चढवायचा दिवस आम्हा पोरांना सणासारखा. शेणीच्या जाळात ती लोखंडी कडी लाल व्हायची, लोहार आणि सुतार दोघं चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवायचे, लाकूड पेटायच्या आत वरून घागरी ओतल्या जायच्या, आणि त्या वाफेत लोखंड आकसून आरे आणि पाटे करकचून एकत्र यायचे. तो आवाज मला अजून आठवतो. पण आज जास्त आठवतं ते आजोबांचं गाडीमागून चालणं. गाडी रिकामी सोडून ते मागून येत राहायचे आणि फुफाट्यात उमटलेली चाकोरी बघायचे. एका चाकाची रेघ एका कडेला खोल आणि दुसऱ्या कडेला उथळ दिसली की ते चाकाच्या मधल्या तुंब्याकडं हात न्यायचे. आतलं भोक झिजून मोठं झालेलं असायचं, चाक आसावर लवलेलं असायचं. धाव बदलून त्याला उपयोग नाही, हे त्यांना कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. रेघ कुठं बिघडली ते मातीत दिसायचं, पण दुरुस्ती तुंब्यात व्हायची.

मारुती ८०० च्या बाबतीत ही गोष्ट आणखीच खरी आहे, कारण या गाडीत कँबर बदलायची सोय कारखान्यानं ठेवलेलीच नाही. दुहेरी विशबोनच्या, म्हणजे चाक वर-खाली दोन आडव्या आर्मनी धरलेल्या, अनेक जुन्या गाड्यांत वरच्या किंवा खालच्या आर्मपाशी पातळ पट्ट्या घालून किंवा काढून झुकाव कमीजास्त करता येतो. ८०० ला पुढं मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियरच्या नावानं ओळखली जाणारी ही रचना १९५० साली ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांनी जगभर नेली, आणि पुढं लहान गाड्यांनी ती उचलली ती तिच्या काटकसरीसाठी. वरचा आर्म नाहीच. शॉकअबची नळीच खाली नकलला, म्हणजे चाकाचा हब पेलणाऱ्या तुकड्याला, बोल्टनं धरते आणि वर एप्रनला, म्हणजे इंजिनशेजारच्या पत्र्याला, जाऊन भिडते. एकच भाग दणके जिरवतो आणि तोच चाकाला उभं धरतो. म्हणून जागा वाचते, वजन वाचतं, पैसे वाचतात. आणि म्हणूनच नळी वाकली की चाक झुकतं, दुसरं कुणी सावरायला नाही. चाक स्ट्रटच्या बाहेरच्या अंगाला असतं, त्यामुळं खालून बसलेला प्रत्येक दणका चाकाचा माथा आत लोटू बघतो. साइडपट्टीचा हिशेब इथं येऊन मिळतो.

पुस्तकात कँबर बदलता येत नाही असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ लोक असा घेतात की इलाज नाही, म्हणून वाकवा. मला त्याचा अर्थ अगदी वेगळा वाटतो. ज्यांनी ही गाडी आखली त्यांचं म्हणणं असं होतं की सगळे भाग शाबूत असतील तर कोन आपोआप बरोबर येतो. कोन चुकला तर कुठला तरी भाग शाबूत नाही, तो शोधा. आकडा ही तक्रार आहे. तक्रार गप्प केली म्हणून दुखणं बरं होत नाही, हे एका नर्सच्या घरात तरी कुणाला पटवावं लागू नये.

मग शोधायला घेतलं. मागची चाकं उटी लावून अडवली, पुढची बाजू जॅकवर उचलून खाली लोखंडी स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. चाकाला वर आणि खाली धरून हलवलं. किंचित खडखड होती. आत्याला आत बसवून ब्रेक दाबायला लावला, खडखड तशीच. ब्रेक दाबल्यावर ती थांबली असती तर बेअरिंगचा दोष, कारण ब्रेकनं हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात. थांबली नाही, म्हणजे सैलपणा खाली बॉल जॉइंटात, जिथं खालचा आर्म नकलला धरतो. त्या लोअर आर्मच्या सांध्यातला रबरी बुशही चिरलेला, रबर कडेनं पावासारखं भुसभुशीत झालेलं. मग बॉनेट उघडून एप्रनच्या माथ्यापासून समोरच्या बाजूच्या बोल्टापर्यंत तिरपी मापं घेतली, डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं. ती सारखी आली आणि माझा जीव भांड्यात पडला. जुन्या ८०० ला गंजानं एप्रन सुटलेला असतो किंवा जुन्या अपघातात सरकलेला असतो, आणि मग ते काम अंगणातलं राहत नाही. डेंटरकडं बेंचवर घ्यावं लागतं.

शेवटी स्ट्रट काढला. एप्रनवरचे नट काढायचे, खाली नकलचे दोन बोल्ट काढायचे, ब्रेकचा होज सोडवून हब तारेनं नीट टांगून ठेवायचा, होजवर त्याचं वजन येऊ द्यायचं नाही. वर मधोमध जो मोठा नट असतो त्याला मात्र हात लावायचा नाही. तो दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो, आणि ती स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. ते काम मी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडं दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या कंप्रेसरवर करून घेतलं. कुणी सांगेल की तारेनं बांधून होतं, दोरीनं होतं. करू नका.

नळी पुसून उजेडात धरली तेव्हा खालच्या ब्रॅकेटच्या जरा वर रंग चंद्रकोरीसारखा उडालेला दिसला, खाली बारीक तांबडा गंज. आणि त्याच्या वर-खाली दोन ठिकाणी पकडीचे ओरखडे. तशीच पकड, जशी टायरवाल्याच्या कोपऱ्यात होती. या स्ट्रटला आधी एकदा कुणीतरी मारून दिलं होतं. आत्याला विचारलं तर तिला अंधुक आठवलं, "हां, एकानं कधीतरी दाबून दिलेलं. म्हणाला, आता बघायला नको." एकदा वाकून परत वाकवलेलं लोखंड त्याच जागी पुन्हा लवकर दबतं. ते पुढच्या साइडपट्ट्यांवर पुन्हा आत गेलं होतं. वरून तेलाचा ओघळ, त्यावर धूळ बसून झालेला काळा थर. वाकड्या नळीत दांडा घासत राहतो, सील कापतं, तेल बाहेर येतं. म्हणजे आकडा त्या वेळी हिरवा झालाच असणार, पण शॉकअब मरत होता.

खात्री म्हणून तो स्ट्रट पिशवीत घालून उद्यमनगरात नेला. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला उद्यमनगराचा वास वेगळा सांगावा लागत नाही, भट्टीच्या वाळूचा, कूलंटचा आणि दुपारच्या भज्यांचा मिळून एक. तिथले एक टर्नर मामा माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी काही न बोलता नळी व्ही ब्लॉकवर ठेवली, वाकडेपणा मोजणारी डायल लावली आणि नळी हातानं सावकाश फिरवली. सुई गेली आणि आली, गेली आणि आली. "सरळ करून दे म्हणशील तर देतो," म्हणाले, "पण तुला देणार नाही." कुणी असं म्हणालं की मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. हात चालतात, यंत्र आहे, पैसे मिळणार आहेत, आणि तरी नाही म्हणतात.

मधल्या काळात एक सोपी वाट समोर होती. कँबर बोल्ट म्हणून मिळतात, मधला भाग विकेंद्री, म्हणजे मध्यापासून जरा सरकवलेला. नकलच्या दोनपैकी वरच्या बोल्टच्या जागी तो घालायचा आणि फिरवत गेलं की चाकाचा माथा आतबाहेर होतो, साधारण दीड अंशापर्यंत. बोल्ट वाईट नाही. सगळे भाग चांगले असताना एप्रनमधला थोडा उरलेला फरक काढायला तो प्रामाणिक उपाय आहे. पण वाकलेल्या नळीवर तो लावणं म्हणजे तेच मारून देणं, फक्त सभ्य पद्धतीचं. शेवटची ८०० कारखान्यातून २०१४ साली बाहेर पडली तरी तिचे भाग अजून मिळतात, हे या गाडीचं मोठं भाग्य. स्ट्रट दोन्ही बाजूंचे घेतले. एक नवा आणि एक जुना असला तर दणका दोन बाजूंना दोन तऱ्हेनं जिरतो. डावा लोअर आर्म बॉल जॉइंटासकट नवा.

जोडताना दोन गोष्टी सांभाळल्या. बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना आवळला नाही. चाकं खाली टेकवून, वजन आल्यावर आवळला. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत कायमचं जखडतं आणि काही महिन्यांत पुन्हा चिरतं. दुसरी, नकलच्या भोकांत बोल्टला केसभर सैली असते. बोल्ट आवळताना चाकाचा माथा कुणी बाहेर दाबून धरला तर त्या सैलीतून पाव-अर्धा अंश मिळतो. माथा आत्यानं धरला. सत्तरीच्या बाईनं हब दोन्ही तळव्यांनी दाबून धरलेला, चेहऱ्यावर ताण, आणि मी पान्याला लोंबकळलेली. "आवळ, आवळ, मी हाय," म्हणत होती. प्रसूतीच्या खोलीत ती अशीच बोलत असणार.

पुन्हा सनमायका, पुन्हा ओळंबा. डाव्या चाकाचा फरक आता दोन मिलिमीटरच्या खाली, म्हणजे जेमतेम अंशाचा तिसरा हिस्सा. कँबर हलला की टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या तोंडांचा आत-बाहेर कल, हलतोच, आणि टायर खाण्यात टो कँबरपेक्षा कितीतरी उतावळा. टायरच्या नक्षीवर खडूनं खुणा करून पुढचं आणि मागचं अंतर घरी जुळवलं, पण त्यावर समाधान मानलं नाही. त्याच टायरवाल्याकडं मशीनवर टो पक्का करून घेतला. त्यानं पडद्यावर डाव्या कँबरचा आकडा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "कुठं मारून घेतलं, ताई?" मी सांगितलं, नवा स्ट्रट. त्यानं चाकाआड डोकं घालून खरंच बघितलं, बराच वेळ. त्याच्या हातात कसब नाही असं मी कधीच म्हणणार नाही. रांग मोठी आहे आणि गिऱ्हाइकाला दहा मिनिटं हवी आहेत, एवढंच. गिऱ्हाइकानं एक दिवस द्यायचं ठरवलं तर हेच हात स्ट्रट बदलून देतील.

आत्यानं गाडी काँक्रीटवर नेली, हात सैल सोडला, गाडी सरळ गेली. तिचा चेहरा खुलला. पण साळवणच्या रस्त्याला लागल्यावर कपाळाला आठी. "डावीकडं जायला लागली की गं." बरोबरच होतं, उताराचा जोर आता रोखायला वाकडं चाक नव्हतं. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर तिला जी गोष्ट करावी लागली नाही ती आता करावी लागणार होती, स्टिअरिंगला थोडा उजवा हात. मला वाईटही वाटलं. तिच्या दणक्यांनी तिच्या रस्त्यापुरती बनलेली गाडी मी कुठल्याही रस्त्यावर चालणारी करून टाकली होती. पण वळणावर जोराचा ब्रेक लागला तेव्हा ती चारही चाकांवर सरळ बसली, पूर्वीसारखी तिरकी धावली नाही, आणि आत्या म्हणाली, "हे चांगलं आहे."

उजवा बुश अजून बदलायचा आहे, मागच्या स्प्रिंगा बसल्यात त्या बघायच्या आहेत, आणि पुढची टायरजोडी नवी घ्यायची आहे. जुना स्ट्रट भंगारात द्यायला मी गाडीत ठेवला होता. आत्यानं तो काढून घेतला. ज्यानं दाबून दिलेलं त्याचं गॅरेज अजून आहे म्हणे, त्याला ती नळी नेऊन दाखवायची आहे. भांडायला नाही, त्याच्याकडं शिकायला ठेवलेली दोन पोरं आहेत, त्यांना.